फ्लॉरेन्स : व्यापाऱ्यांनी घडवलेले कलानगर

इटलीच्या मध्यभागी, तोस्काना प्रांतात, आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर फ्लॉरेन्स वसले आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमनांनी येथे वसाहत केली. तिच्या काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी शहराच्या गाभ्यात आजही ओळखू येते. मात्र फ्लॉरेन्सचे नाव जगभर झाले ते तेराव्या ते सोळाव्या शतकांत. या काळात येथे ना मोठे सैन्य होते, ना समुद्राचे बंदर. होता तो लोकरीचा धंदा आणि सावकारी. इंग्लंड-स्पेनमधून आलेली लोकर येथे विंचरली, कातली, विणली, रंगवली जाई आणि उंची कापड होऊन युरोपभर विकली जाई. या व्यापारातून जमलेल्या पैशावर पेढ्या उभ्या राहिल्या. १२५२ मध्ये शहराने ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे पाडले. त्याचे वजन आणि शुद्धता इतकी भरवशाची होती, की पुढची काही शतके युरोपातले मोठे व्यवहार त्याच नाण्यात होत.

शहराचा कारभार श्रेणींच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांच्या, हाती होता. लोकर, रेशीम, सराफी, कापडविक्री, वैद्यकी, वकिली अशा सात ‘थोर’ श्रेणी आणि त्यांच्याखाली कारागिरांच्या अनेक ‘लहान’ श्रेणी होत्या. श्रेणीचा सभासद असल्याशिवाय राजकीय पद मिळत नसे. चर्च बांधणे, पुतळा घडवून घेणे, अनाथाश्रम चालवणे ही कामे याच श्रेणी, श्रीमंत घराणी किंवा खुद्द प्रजासत्ताक अंगावर घेई. त्यामुळे फ्लॉरेन्स पाहताना प्रत्येक वास्तूपुढे एक प्रश्न उपयोगी पडतो : हिचा खर्च कोणी केला आणि कशासाठी? कलाकारांची नावे पाठ असण्यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरातून शहर अधिक उलगडते.

कॅथीड्रलचा चौक

शहरदर्शनाची सुरुवात बहुधा सांता मारिया देल फियोरे या कॅथीड्रलपासून होते. आर्नोल्फो दि काम्बियो याच्या आराखड्यानुसार १२९६ मध्ये काम सुरू झाले आणि पुढे बांधकामाची जबाबदारी लोकरीच्या श्रेणीकडे आली. चौदाव्या शतकात आराखडा आणखी मोठा करण्यात आला आणि तिथेच पंचाईत झाली. वेदीवरचा अष्टकोनी भाग सुमारे ४५ मीटर रुंद होता आणि एवढ्या रुंदीवर घुमट चढवायचा कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कमान बांधताना खालून लाकडी साचा देण्याची पद्धत होती. इथे त्या साच्याला लागणारे लाकूड मिळवणे आणि इतक्या उंचीवर ते तोलून धरणे जवळजवळ अशक्य होते.

१४१८ मध्ये यासाठी स्पर्धा जाहीर झाली. सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने साच्याशिवाय घुमट बांधण्याची योजना मांडली. १४२० मध्ये काम सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला. त्याचे रहस्य तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे घुमटाला दोन कवचे आहेत. आतले जाड, बाहेरचे पातळ, आणि दोहोंमध्ये चढत जाणारा जिना. त्यामुळे वजन घटले. दुसरी म्हणजे दगड आणि लाकडाचे आडवे पट्टे, जे घुमटाला बाहेर फाकू देत नाहीत. तिसरी म्हणजे विटांची माशाच्या काट्यासारखी तिरकस रचना. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्यामुळे ओला चुना वाळेपर्यंतही वीट घसरत नसे आणि प्रत्येक थर पुरा झाला की तो स्वतःचा भार स्वतः पेली. या कामासाठी ब्रुनेलेस्कीने बैलांनी फिरवायचे, पण बैल उलटे न वळवता भार वर-खाली करता येणारे उचलयंत्रही तयार केले. घुमटात चाळीस लाखांहून अधिक विटा असल्याचे मानले जाते.

घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. दोन कवचांमधल्या अरुंद वाटेने वर चढताना त्या तिरकस विटा अगदी हाताशी दिसतात. वाटेत घुमटाच्या आतल्या बाजूचे ‘अंतिम न्याया’चे भित्तिचित्र जवळून पाहता येते. ते जॉर्जो वासारीने सुरू केले आणि फेदेरिको झुक्कारीने १५७९ मध्ये पूर्ण केले. पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे. तो १८८७ मध्ये पुरा झाला. त्याआधी कित्येक शतके या भव्य चर्चचा पुढचा भाग ओबडधोबडच होता.

शेजारचा घंटामनोरा जोत्तोच्या नावाने ओळखला जातो. १३३४ मध्ये त्याने तो सुरू केला, पण तीनच वर्षांत तो वारला. आन्द्रेआ पिसानो आणि फ्रान्चेस्को तालेन्ती यांनी १३५९ पर्यंत काम तडीस नेले. सुमारे ८५ मीटर उंचीच्या या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत. घुमटाचे पूर्ण रूप पाहायचे असेल तर घुमटापेक्षा या मनोऱ्यावर चढणे सोयीचे.

समोरची अष्टकोनी इमारत म्हणजे बाप्तिस्मागृह. तिची देखभाल कापडविक्रेत्यांच्या श्रेणीकडे होती. या श्रेणीने १४०१ मध्ये काशाच्या दरवाजांसाठी स्पर्धा घेतली. लोरेन्झो गिबेर्ती जिंकला, ब्रुनेलेस्की हरला. दोघांनी स्पर्धेसाठी केलेले काशाचे फलक आज बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावलेले आहेत, त्यामुळे परीक्षकांच्या जागी उभे राहून पाहता येते. गिबेर्तीने आपला फलक जवळजवळ एकसंध ओतला होता. त्यात धातू कमी लागला आणि हिशेबी श्रेणीला ही गोष्टही महत्त्वाची वाटली असणार. पुढे १४२५ ते १४५२ या काळात गिबेर्तीने दहा चौकटींचे सोनेरी दरवाजे केले. ‘स्वर्गाची दारे’ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. चौकात दिसतात त्या प्रतिकृती. मूळ दरवाजे कॅथीड्रलच्या मागच्या संग्रहालयात हवाबंद काचेआड ठेवले आहेत. याच संग्रहालयात मायकेलअँजेलोचे उतारवयातले अपुरे ‘पिएता’ शिल्प आणि दोनातेल्लोची लाकडी ‘मेरी मॅग्डालेन’ आहे. चौकातली गर्दी पाहून पुष्कळ प्रवासी हे संग्रहालय टाळतात, पण दर्जाच्या दृष्टीने ते शहरातल्या पहिल्या काहींमध्ये मोडते.

धान्यबाजार ते सत्तेचा चौक

कॅथीड्रलकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओर्सानमिकेले ही चौकोनी, चर्चसारखी न दिसणारी इमारत लागते. मुळात हा धान्यबाजार होता आणि वरच्या मजल्यांवर कोठारे होती. पुढे खालचा भाग चर्च झाला आणि बाहेरच्या भिंतींतले कोनाडे श्रेणींना वाटून दिले गेले. प्रत्येक श्रेणीने आपल्या कोनाड्यात आपल्या संताची मूर्ती बसवायची होती. साहजिकच चढाओढ लागली. चिलखतवाल्यांसाठी दोनातेल्लोने संत जॉर्ज घडवला, लिननच्या विणकरांसाठी संत मार्क. श्रीमंत कापडविक्रेत्यांनी आणि सराफांनी दगडाऐवजी महागड्या काशाच्या मूर्ती गिबेर्तीकडून करवून घेतल्या. बाहेर आता प्रतिकृती आहेत. बहुतेक मूळ मूर्ती वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात, तर मूळ संत जॉर्ज बार्जेल्लोत आहे. फ्लॉरेन्सच्या कलेमागची स्पर्धा एका दृष्टिक्षेपात पाहायची तर या इमारतीसारखी दुसरी जागा नाही.

पुढे पियाझ्झा देल्ला सिन्योरिया हा राजकीय चौक येतो. १२९९ मध्ये सुरू झालेला पालाझ्झो वेक्कियो हा किल्ल्यासारखा वाडा प्रजासत्ताकाचे मुख्यालय होता आणि आजही नगरपालिकेचा कारभार येथूनच चालतो. वाड्यातले ‘पाचशेंचे सभागृह’ हे विशाल दालन १४९४ नंतर, शहरावर वर्चस्व असलेल्या मेडिची या पेढीवाल्या घराण्याला हाकलल्यावर, नागरिकांच्या नव्या महासभेसाठी बांधले गेले. त्याच्या भिंतींवर लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो या दोघांना युद्धचित्रे काढायला सांगितले होते. दोन्ही कामे अपुरी राहिली. आज दिसते ती वासारीची मेडिची-स्तुती.

याच वाड्याच्या दाराशी १५०४ मध्ये मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ उभा राहिला. ज्या संगमरवराच्या ठोकळ्यावर तो कोरला, तो आधी दुसऱ्या शिल्पकाराने सुरू करून सोडून दिलेला होता आणि अनेक वर्षे पडून होता. पाच मीटरहून उंच असलेला हा पुतळा कॅथीड्रलच्या वरच्या भागासाठी ठरला होता. तयार झाल्यावर तो इतका उंच चढवण्यात काही अर्थ नाही हे दिसले आणि जागा ठरवायला समिती नेमली गेली. तिच्यात लिओनार्दो आणि बोत्तिचेल्लीही होते. बलाढ्य शत्रूला गोफणीने पाडणारा मुलगा लहानशा प्रजासत्ताकाला आपले प्रतीक वाटला, म्हणून तो सरकारी वाड्यापुढे आला. १८७३ मध्ये मूळ पुतळा ‘गॅलेरिया देल्ल'आकादेमिया’त हलवला गेला. चौकातली प्रतिकृती १९१० ची आहे. अकादेमियात डेव्हिडकडे नेणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचे अर्धवट ‘कैदी’ आहेत. दगडातून आकृती कशी मोकळी होते, हे त्यांवरच्या छिन्नीच्या खुणांवरून कळते.

चौकातल्या फरशीत बसवलेली एक गोल शिळा १४९८ मधल्या घटनेची खूण आहे. चैनीच्या वस्तूंची होळी पेटवणारा धर्मोपदेशक साव्होनारोला याला येथे फाशी देऊन जाळण्यात आले. बाजूच्या उघड्या कमानदार मंडपात चेल्लीनीचा काशाचा ‘पर्सियस’ आणि जांबोलोन्याचे तीन आकृत्या एकमेकींत गुंफलेले ‘साबिन स्त्रीचे अपहरण’ आहे. ही शिल्पे मेडिची राजवटीच्या काळातली आहेत. चौकात प्रजासत्ताक आणि राजेशाही अशी समोरासमोर उभी आहेत.

उफिझी आणि एका वारसदाराचा करार

मेडिची हे मूळचे पेढीवाले. १३९७ मध्ये जोव्हान्नी दि बिच्ची याने पेढी काढली. त्याचा मुलगा कोसिमो १४३४ नंतर कोणतेही मोठे पद न घेता शहर चालवू लागला. कोसिमोचा नातू लोरेन्झो याच्या काळात कलेला बहर आला, पण पेढी बुडत गेली. दोनदा हद्दपार होऊन परतलेले हे घराणे अखेर सोळाव्या शतकात राजघराणे बनले. या राजवटीतल्या पहिल्या कोसिमोने (पेढीवाला कोसिमो वेगळा) सरकारी खाती एकत्र आणण्यासाठी १५६० मध्ये वासारीकडून कचेऱ्यांची लांबलचक इमारत बांधायला घेतली. हीच उफिझी. वरच्या मजल्यावर घराण्याचा कलासंग्रह ठेवला जाऊ लागला आणि १७६९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

हा संग्रह फ्लॉरेन्समध्ये राहिला याचे श्रेय आन्ना मारिया लुइझा या घराण्यातल्या शेवटच्या स्त्रीला आहे. १७३७ मध्ये तिचा निपुत्रिक भाऊ वारला आणि सत्ता लोरेन घराण्याकडे गेली. तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. चित्रे, शिल्पे, ग्रंथ, रत्ने यांतले काहीही शहराबाहेर न्यायचे नाही, अशी त्यात अट होती. राज्याची शोभा आणि लोकांचा उपयोग यांबरोबरच परदेशी माणसांचे कुतूहल ओढून घेणे हेही एक कारण तिने नोंदवले होते. युरोपातल्या अनेक राजघराण्यांचे संग्रह लिलावात फुटले. फ्लॉरेन्सचा संग्रह जिथे जमला तिथेच आहे.

उफिझीत मांडणी कालक्रमाने असल्याने एक धागा धरून पाहता येते. सुरुवातीला चिमाबुए आणि जोत्तो यांच्या मोठ्या ‘मदोन्ना’ आहेत. सोन्याच्या सपाट पार्श्वभूमीवरची माणसे वजनदार होऊ लागतात, तो क्षण येथे दिसतो. पुढे बोत्तिचेल्लीची ‘प्रिमावेरा’ आणि ‘व्हीनसचा जन्म’, लिओनार्दोचे तरुणपणीचे ‘देवदूताचा संदेश’, मायकेलअँजेलोचे गोल ‘पवित्र कुटुंब’ आणि शेवटी काराव्हाज्जोची ढालीवरची ‘मेदूसा’. २७ मे १९९३ च्या रात्री माफियाने शेजारच्या गल्लीत केलेल्या मोटारबॉम्बस्फोटात पाच जणांचा बळी गेला आणि संग्रहालयाचेही नुकसान झाले. दुरुस्तीनंतर ते पुन्हा सुरू झाले.

नदी आणि पूल

पोन्ते वेक्कियो हा दुकानांचा पूल १३४५ मध्ये, आधीचा पूल पुरात वाहून गेल्यावर बांधला गेला. त्यावर खाटीक आणि तत्सम व्यावसायिक होते. १५९३ मध्ये मेडिची राज्यकर्ता फर्दिनान्दो याने त्यांना हलवून सोनारांना जागा दिली आणि ते आजही तिथे आहेत. दुकानांच्या वरून जाणारा बंद मार्ग वासारीने १५६५ मध्ये राजपुत्राच्या विवाहानिमित्त पाच महिन्यांत बांधला. सरकारी वाड्यापासून पलीकडच्या पित्ती प्रासादापर्यंत राजघराण्याला रस्त्यावर न उतरता जाता यावे, हा त्याचा हेतू. बरीच वर्षे बंद असलेला हा मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा उघडला.

ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे सर्व पूल उडवले. पोन्ते वेक्कियो वाचला, पण त्याच्या दोन्ही टोकांची मध्ययुगीन घरे पाडून रस्ता अडवला गेला. आज तिथे दिसणाऱ्या साध्या इमारती त्यामुळेच नव्या आहेत. सांता त्रिनिता पुलाचे दगड नदीतून काढून तो मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा उभारला गेला. त्याच्या टोकावरच्या ‘वसंत’ या मूर्तीचे शिर मात्र १९६१ मध्ये नदीच्या पात्रात सापडले.

चर्च, मठ आणि घराणी

फ्लॉरेन्सची मोठी चर्चे म्हणजे घराण्यांच्या प्रतिष्ठेचीही जागा. फ्रान्सिस्कन पंथाच्या सांता क्रोचेत बार्दी आणि पेरुत्झी या पेढीवाल्यांनी आपापल्या उपासना-दालनांत जोत्तोकडून भित्तिचित्रे काढून घेतली. दोन्ही पेढ्या १३४० च्या दशकात बुडाल्या, चित्रे राहिली. मायकेलअँजेलो, माकियाव्हेल्ली, गॅलिलिओ आणि संगीतकार रोस्सीनी यांची थडगी येथे आहेत. दान्तेचे स्मारक आहे, पण तो रावेन्नात पुरलेला आहे. ज्या शहराने त्याला हद्दपार केले, त्याला नंतर त्याचे अवशेष मिळाले नाहीत.

डॉमिनिकन पंथाच्या सांता मारिया नोव्हेल्लाचा दर्शनी भाग आल्बेर्तीने १४७० मध्ये पूर्ण केला. खर्च करणाऱ्या जोव्हान्नी रुचेल्लाइचे नाव त्यावर मोठ्या अक्षरांत कोरले आहे. आत मासाच्चोचे ‘त्रैक्य’ आहे. सपाट भिंतीत खरोखर कमानदार दालन असल्याचा भास देणारे हे चित्र यथादर्शनाच्या गणिती नियमांचे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. सान लोरेन्झो हे मेडिचींचे घरचे चर्च. मागच्या बाजूच्या दालनात मायकेलअँजेलोच्या ‘दिवस’, ‘रात्र’, ‘पहाट’ आणि ‘संध्या’ या मूर्ती थडग्यांवर पहुडलेल्या आहेत. सान मार्को मठ पेढीवाल्या कोसिमोच्या पैशाने नव्याने बांधला गेला. त्याच्या कोठड्यांत फ्रा आन्जेलिको आणि त्याच्या सहायकांनी एकेक भित्तिचित्र काढले. कोसिमोने स्वतःसाठीही तिथे कोठडी राखली होती.

नदीपलीकडे

दक्षिण काठावरचा ओल्त्रार्नो हा भाग कारागिरांचा. चौकटी करणारे, चामड्याचे काम करणारे, जुन्या लाकडी सामानाची डागडुजी करणारे यांची दुकाने आजही येथील गल्ल्यांत आहेत. कार्मिने चर्चमधील ब्रान्काच्ची दालनात मासाच्चोने १४२० च्या दशकात काढलेली भित्तिचित्रे पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांची शाळाच ठरली. पित्ती प्रासाद १५४९ मध्ये पहिल्या कोसिमोची पत्नी एलेओनोरा हिने घेतला. राफाएल आणि तित्सियानो यांची चित्रे आणि मागे उतारावर पसरलेली बोबोली बाग हे त्याचे वैभव. त्याहून वर सान मिनियातो हे अकराव्या शतकातले चर्च आहे. खालच्या अंगाला मायकेलअँजेलोच्या नावाची गच्ची १८६९ मध्ये, फ्लॉरेन्स इटलीची राजधानी असताना (१८६५ ते १८७१), तयार झाली. शहराची मध्ययुगीन तटबंदी पाडून रुंद रस्ते केले गेले तेही याच काळात.

आर्नोकाठची छत्री

याच राजधानीच्या काळातला एक धागा थेट कोल्हापूरला जोडलेला आहे. शहराच्या पश्चिमेला नदीकाठाने पसरलेल्या कास्चिने उद्यानाच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे स्मारक आहे. इंग्लंडच्या दौऱ्याहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे फ्लॉरेन्समध्ये निधन झाले. इटलीत त्या काळी दहनाची प्रथा नव्हती. खास परवानगीने संगमावर हिंदू पद्धतीने दहन झाले. १८७४ मध्ये तिथे घुमटी उभारली गेली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसवला गेला. रचना मेजर चार्ल्स मँट यांची. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा याच वास्तुकाराच्या आराखड्याने झाला. महाराजांची प्रवासातली इंग्रजी दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. जवळून जाणाऱ्या, १९७० च्या दशकात बांधलेल्या तारांच्या पुलाला या स्मारकावरूनच ‘पोन्ते आल्ल'इन्दियानो’ असे नाव मिळाले आहे. मुख्य शहरापासून हे ठिकाण दूर असल्याने पर्यटकांची गर्दी येथे नसते.

महापूर आणि जतनाची शाळा

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला आलेल्या पुराने शहरात हाहाकार उडवला. सांता क्रोचेच्या सखल भागात पाणी सहा मीटरच्याही वर चढले. घरे तापवण्याच्या तेलाच्या टाक्या फुटल्याने चिखलात तेल मिसळले. चिमाबुएच्या लाकडी क्रूसावरचा बराचसा रंग गेला, ‘स्वर्गाच्या दारां’च्या दहापैकी पाच चौकटी निखळल्या, नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लक्षावधी पुस्तके आणि कागदपत्रे भिजली. देशोदेशींच्या तरुणांनी रांगा लावून पुस्तके हातोहात बाहेर काढली. त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले गेले. कागद सुकवण्याच्या, लाकूड आणि रंग टिकवण्याच्या अनेक पद्धती या संकटात विकसित झाल्या. १५८८ मध्ये दगडी जडावकामासाठी स्थापन झालेली ‘ओपिफिचो’ ही संस्था आज जगातल्या आघाडीच्या जतन-प्रयोगशाळांपैकी एक आहे. शहरातल्या अनेक भिंतींवर त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत. काही पाट्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत.

पाहण्याची रीत

फ्लॉरेन्सचा जुना भाग १९८२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तो लहान आणि सपाट असल्याने पायीच पाहायचा. मुख्य रेल्वेस्थानक सांता मारिया नोव्हेल्लाच्या शेजारी असून तिथून कॅथीड्रल दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. जुन्या भागात बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या गाडीला मागाहून दंड येतो, म्हणून भाड्याची गाडी बाहेर ठेवणेच बरे. उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. घुमटासाठी ठरावीक वेळेचे आरक्षण लागते, तेही आधीच करावे लागते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो आणि गर्दीही तेवढीच असते.

खाण्यात तोस्कानाची पावरोटी बिनमिठाची असते. शिळ्या रोटीचे, काळी कोबी आणि पांढरे घेवडे घालून केलेले ‘रिबोल्लिता’ हे दाट सूप शाकाहारी प्रवाशाला सोयीचे, फक्त त्यात मांसाचा रस वापरला आहे का हे विचारून घ्यावे. गायीच्या चौथ्या पोटाचे ‘लाम्प्रेदोत्तो’ रस्त्यावरच्या गाड्यांवर पावात घालून मिळते. निखाऱ्यावरचा जाड ‘बिस्तेक्का’ वजनावर विकला जातो, त्यामुळे मागवण्यापूर्वी वजन विचारणे शहाणपणाचे. जुन्या वाड्यांच्या भिंतींत दिसणाऱ्या छोट्या कमानदार खिडक्यांतून जमीनदार घराणी आपल्या मळ्यांतली वाइन थेट गिऱ्हाइकांना विकत.

पर्यटनाने शहराला पैसा दिला आणि ताणही. जुन्या भागातली घरे प्रवाशांना भाड्याने जाऊ लागल्याने स्थानिक रहिवासी बाहेर पडत आहेत. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये नगरपालिकेने या भागात नव्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांवर बंदी घालण्याचे पाऊल उचलले. उफिझी आणि अकादेमिया यांवरच सारा भार पडतो, तर बार्जेल्लो, सान मार्को, ओर्सानमिकेले आणि ब्रान्काच्ची येथे त्या मानाने निवांतपणे पाहता येते. पहिल्या दिवशी कॅथीड्रलचा चौक, ओर्सानमिकेले आणि सिन्योरिया, दुसऱ्या दिवशी उफिझी आणि सांता क्रोचे, तिसऱ्या दिवशी सान मार्को, अकादेमिया आणि सान लोरेन्झो, चौथ्या दिवशी नदीपलीकडचा भाग आणि संध्याकाळी कास्चिने, असा क्रम ठेवला तर श्रेणींचे शहर, प्रजासत्ताक, मेडिची राजवट आणि राजधानीचा काळ हे टप्पे बहुतांशी त्यांच्या क्रमाने डोळ्यांपुढून जातात.